खिदमत एका दिवसाची नसते : वर्धा जिल्ह्यातल्या सेवासंस्था आणि आपण

दहावी-बारावीची परीक्षा संपली की दरवर्षी आमच्याकडे काही मुलं येतात. काहींच्या सोबत अम्मी-अब्बा असतात. विचारणं एकच असतं, "सर, दोन-अडीच महिने रिकामे आहेत. मोबाईल पाहत बसण्यापेक्षा काही समाजाचं काम करता येईल का? कुठं जायचं, कुणाला भेटायचं?" मुंबईसारख्या मोठ्या शहरात याचं उत्तर सोपं आहे. तिथे अंजुमन-ए-इस्लामसारखी 1874 पासून चालत आलेली संस्था आहे, लहान-मोठे ट्रस्ट आहेत, दवाखान्यांची मदत केंद्रं आहेत. आपल्याकडे असं काय आहे, असं मुलांना वाटतं.

खरं पाहिलं तर ज्या जिल्ह्यातल्या एका गावाचं नावच सेवाग्राम आहे, त्या वर्ध्याच्या मुलांनी हा प्रश्न विचारावा आणि आपल्याला उत्तर सुचू नये, ही आपलीच कमतरता. म्हणून या लेखात सेवासंस्था म्हणजे काय, वर्धा जिल्ह्यात हे काम कसं उभं राहिलं, त्यात मुस्लिमांचा वाटा काय, आज कुठं काम करता येईल आणि मोहल्ल्यात स्वतःचं काम सुरू करायचं तर काय काळजी घ्यावी, हे एका जागी मांडत आहोत.

सेवासंस्था म्हणजे नेमकं काय?

आपल्या बोलण्यात खिदमत, समाजसेवा, मदत हे शब्द एकाच अर्थाने येतात. पण काम करायला निघालो की तीन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला प्रकार तातडीच्या मदतीचा. पूर, आग, अपघात, लॉकडाऊन अशा वेळी अन्न, कपडे, औषध पोहोचवणं. दुसरा प्रकार कायमच्या सेवेचा. दवाखाना, शाळा, अभ्यासिका, कुष्ठधाम, मय्यतीची व्यवस्था. हे काम रोज किंवा ठरलेल्या दिवशी चालावंच लागतं. तिसरा प्रकार लोकांना स्वतःच्या पायावर उभं करण्याचा. शिक्षण, कौशल्य, शिष्यवृत्तीचे अर्ज, पाण्याचं काम.

पहिल्या प्रकारात आपला समाज मागे नाही. हाक दिली की तासाभरात पैसा आणि पोरं दोन्ही गोळा होतात. अडचण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात आहे. तिथे जोश पुरत नाही. वेळ, वही आणि हिशेब लागतो. वर्ध्याचा इतिहास याच बाबतीत शिकण्यासारखा आहे.

वर्ध्यात सेवेचं काम कसं उभं राहिलं

जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे गांधीजी 1934 मध्ये वर्ध्याला आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं. जे. सी. कुमारप्पा यांनी तिथे तेलघाणी, हातकागद, मधमाश्या पाळणं अशा उद्योगांचे प्रयोग केले. 1936 मध्ये गांधीजी शेगाव या खेड्यात राहायला गेले. 1940 मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. मगन संग्रहालय 1938 पासून आहे आणि आजही पाहता येतं. मुलांना एकदा जरूर न्यावं.

1936 मध्येच विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर इथे कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं. त्या काळी कुष्ठरोग झालेल्या माणसाला घरातून, गावातून बाहेर काढलं जाई. सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्री या कुष्ठरोगी विद्वानाची शुश्रूषा गांधीजी स्वतः करत. त्यांची कुटी आश्रमात अजून आहे. पुढे आनंदवन उभारणारे बाबा आमटे हेही आपल्याच जिल्ह्यातले. 1914 मध्ये त्यांचा जन्म हिंगणघाटला झाला.

दत्तपूरचं काम मोठ्या देणगीतून किंवा मोठ्या सभेतून उभं राहिलं नाही. एक माणूस रोज जखमा धुवायला बसला आणि ते त्याने सोडलं नाही. नंतर तिथे शेती, विणकाम आली, रुग्ण स्वतः काम करू लागले. सेवा करणारा वर आणि घेणारा खाली, ही उतरंड तिथे मोडली.

या वारशात आपली माणसं

आपल्या मुलांना वाटतं की सेवाग्रामशी मुस्लिमांचा फारसा संबंध नाही. हा समज चुकीचा आहे.

सरहद्द प्रांतात 1929 मध्ये खुदाई खिदमतगार ही संघटना उभी करणारे खान अब्दुल गफार खान 1934 मध्ये तुरुंगातून सुटले, तेव्हा त्यांना सरहद्द प्रांतात आणि पंजाबात जायला बंदी होती. त्या काळात ते वर्ध्याला जमनालालजींकडे राहिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्रज सरकारने त्यांना पुन्हा अटक केली, तीही वर्ध्यातच. त्यांच्या संघटनेच्या प्रतिज्ञेत एक अट अशी होती की प्रत्येक खिदमतगाराने रोज किमान दोन तास समाजाच्या कामाला द्यायचे. रमजानपुरते नाही की निवडणुकीपुरते नाही, रोज दोन तास.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा आराखडा करायला जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन, जे 1967 मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले. ख्वाजा गुलामुस सय्यदैन हेही त्या समितीत होते. या योजनेला वर्धा योजना किंवा नई तालीम म्हणतात. आम्ही बी.एड. करताना हे नाव पाठ केलं; पण ती योजना आपल्याच गावात घडली आणि तिच्यामागे उर्दूतून विचार करणारी माणसंही होती, याची जाणीव फार उशिरा झाली.

तिसरं नाव बीबी अमतुस्सलाम यांचं. पतियाळाच्या या बाई गांधीजींच्या आश्रमात आल्या आणि त्यांनी आपलं आयुष्यच या कामाला दिलं. नोआखालीच्या दंग्यानंतर हिंदू-मुस्लिम सलोख्यासाठी त्यांनी तिथे प्रदीर्घ उपवास केला. फाळणीनंतर पंजाबातल्या राजपुरा इथे निर्वासितांमध्ये काम केलं. नमाज-रोजा पाळणारी एक मुस्लिम बाई दंग्यातल्या हिंदू कुटुंबांसाठी स्वतःचा जीव पणाला लावते, ही गोष्ट आपल्या मुलींना आवर्जून सांगण्यासारखी आहे.

दवाखाना, ज्वारी आणि श्रमदान

डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने 1945 च्या सुमारास सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय सुरू झालं. 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यालाच जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. इथे पहिल्या वर्षाच्या डॉक्टरकीच्या मुलांना सुरुवातीचे दिवस आश्रमात राहावं लागतं. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथल्या घरांना पुन्हा पुन्हा भेटी देते. एकदाच शिबिर घेऊन निघून जाणं आणि एकाच घरी वर्षानुवर्षं जाणं, यात किती फरक आहे ते त्या गावातल्या माणसांना विचारावं.

याच रुग्णालयाने साधारण 1980 च्या सुमारास खेड्यांसाठी आरोग्य विम्याची योजना चालवली. सुगीच्या वेळी कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. बदल्यात वर्षभर आरोग्यसेवा सवलतीत. ज्याच्याकडे शेत जास्त, त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची कमी. गरीब माणूस इथे हात पसरत नव्हता. त्याने आपला वाटा भरलेला असायचा, म्हणून तो हक्काने दवाखान्यात यायचा.

अलीकडचं उदाहरण आर्वी तालुक्यातल्या काकडदरा या छोट्या आदिवासी गावाचं. आमिर खान आणि किरण राव यांच्या पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा 2017 मध्ये झाली. 8 एप्रिल ते 22 मे, ऐन वैशाखात, लोकांनी श्रमदान केलं. विदर्भाचं ऊन काय असतं ते आपल्याला सांगायला नको. बाया-माणसं पहाटे कुदळ-फावडं घेऊन चर खोदायला जात. काकडदरा राज्यात पहिलं आलं. पैसा नसलेल्या गावाकडेही देण्यासारखं काय असतं, ते या गावाने दाखवलं.

आज कुठं काम करता येईल?

*कॉलेजची मुलं-मुली.* राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झाली. आपल्याकडची बहुतेक कॉलेजं नागपूर विद्यापीठाशी जोडलेली आहेत आणि कार्यक्रम अधिकारी कॉलेजातच असतो. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. निवासी शिबिराला मुलीला पाठवायचं की नाही, हा प्रश्न आपल्या घरांत येतो. सरळ नकार देण्याआधी कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटावं. मुलींची राहण्याची सोय कशी आहे, सोबत शिक्षिका कोण आहेत, हे विचारावं. तो आपला हक्क आहे.

*रक्तदान.* वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5. पुरुषांनी दोन रक्तदानांत किमान 90 दिवसांचं आणि महिलांनी 120 दिवसांचं अंतर ठेवायचं. उपाशीपोटी रक्त देऊ नये. त्यामुळे रमजानमध्ये शिबिर घ्यायचं असेल तर इफ्तारनंतरची वेळ ठेवावी. उन्हाळ्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं कमी होतात आणि रक्ताचा तुटवडा जाणवतो. त्या दिवसांत दिलेली एक पिशवी जास्त कामाची.

*साक्षरता.* उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमात 15 वर्षांवरील निरक्षरांना शिकवायला स्वयंसेवक लागतात. मानधन नाही. जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटलं की नाव नोंदवता येतं. आपल्या मोहल्ल्यातल्या किती दादी-नानी कुरआन शरीफ वाचतात, पण बसचा फलक किंवा औषधाची चिठ्ठी वाचू शकत नाहीत! नातीने रोज अर्धा तास आजीला शिकवलं तरी ती खिदमतच.

*रेड क्रॉस.* जिल्हा शाखेचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. प्रथमोपचार शिकणं आणि आपत्तीच्या वेळी नाव नोंदवून काम करणं, यासाठी ही रीतसर वाट आहे.

*दवाखान्यातली सोबत.* सेवाग्राम आणि सावंगीच्या मोठ्या रुग्णालयांत खेड्यापाड्यांतून माणसं येतात. कोणती खिडकी, कोणता कागद, सरकारी योजनेचा फॉर्म कुठं, हे त्यांना कळत नाही. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची परवानगी घेऊन आठवड्यातले दोन तास दिले तरी मोठी मदत होते. परवानगीशिवाय मात्र वॉर्डात फिरू नये.

*कागदपत्रांची मदत.* मोमीन, पिंजारी, बागवान अशा कितीतरी बिरादऱ्या ओबीसीत येतात. पण जुना पुरावा शोधणं, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज, यात मुलांची वर्षं वाया जातात. ज्या मुलाने स्वतः हे केलंय त्याने दर रविवारी दोन तास मोहल्ल्यात बसावं. पैसा लागत नाही.

आमची एक चूक

आता थोडं घरचं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही काही शिक्षक आणि मोहल्ल्यातली तरुण मुलं मिळून किराणा किट वाटत होतो. काम चांगलं झालं, अल्हम्दुलिल्लाह. मजूर, रिक्षावाले, धुणीभांडी करणाऱ्या बाया, हिंदू-मुस्लिम न पाहता किट दिले.

पण दोन गोष्टी चुकल्या. एका बेवा बाईला किट देतानाचा फोटो ग्रुपवर टाकला गेला. तो फोटो आम्हीच काढला होता. तिचा मुलगा आमच्याच वर्गातला. शाळा उघडल्यावर कुणीतरी त्याला त्या फोटोवरून चिडवलं. मग तो आठवडाभर शाळेत आला नाही. आम्ही घरी गेलो तेव्हा त्याची अम्मी एवढंच म्हणाली, "सर, आटा संपला पंधरा दिवसांत. फोटो अजून आहे."

दुसरी चूक हिशेबाची. शेवटी काही रक्कम उरली. त्यातून अभ्यासिका काढायचं ठरलं होतं. पण कुणी किती दिले, किती खर्च झाला, याची एक वही नव्हती. तिघांच्या मोबाईलमध्ये तीन हिशेब होते. कुणी पैसे खाल्ले नव्हते, हे आजही आम्ही छातीठोक सांगू. तरी संशय आला, दोन मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले आणि अभ्यासिका राहिलीच. लोक समाजाला नावं ठेवतात, तेव्हा आम्हाला आमची ती न लिहिलेली वही आठवते.

कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकरातली 282 वी, देण्याघेण्याची लिखापढी करण्याबद्दल आहे. आम्ही ती कितीदा तिलावत केली असेल! अमल मात्र करायचा राहून गेला.

मोहल्ल्यात संस्था काढायची असेल तर

सोसायटी नोंदणी कायदा 1860 प्रमाणे किमान सात माणसं लागतात. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा 1950 खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंद होते. नोंदणीनंतर दरवर्षी लेखापरीक्षण करावं लागतं. विश्वस्त बदलले तर 90 दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. हे न केल्याने जुने विश्वस्त अल्लाहला प्यारे झाले तरी कागदावर तेच राहतात आणि पुढची पिढी कोर्टाच्या चकरा मारते. मस्जिद, कब्रस्तान, दर्गा यांची वक्फ मालमत्ता असेल तर तिचा कारभार वेगळ्या वक्फ कायद्याने चालतो. 1995 च्या त्या कायद्यात 2025 मध्ये बदल झाले आहेत, म्हणून जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा. देणगीदाराला आयकरात सवलत हवी असेल तर संस्थेला आयकर विभागाकडून त्यासाठीची नोंदणी घ्यावी लागते.

प्रत्येक कामाला नोंदणी लागतेच असं नाही. रविवारचा फॉर्म भरण्याचा टेबल पाच पोरं चालवू शकतात. पण पैसा गोळा करायचा असेल तर पुढच्या गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळाव्यात.

1. जकात, सदका आणि साधी देणगी यांचे हिशेब वेगवेगळे ठेवावेत. जकातीचे आठ हक्कदार सूरह तौबाच्या 60 व्या आयतीत सांगितले आहेत. इमारत, भाडं, पगार यांसाठी जकात वापरावी की नाही, हे आलिमांना विचारूनच ठरवावं.
2. पैसे एका माणसाच्या खात्यात घेऊ नयेत. संस्थेचं खातं आणि दोघांच्या सह्या असाव्यात. पावती शंभर रुपयांचीही द्यावी.
3. महिन्याचा जमाखर्च मस्जिदच्या फलकावर लावावा. देणाऱ्याचं नाव त्याची इच्छा असेल तरच लिहावं; घेणाऱ्याचं नाव कधीच लिहू नये.
4. मदत घेणाऱ्याचा फोटो काढू नये. देणगीदाराला पुरावा हवा असेल तर सामानाचा आणि बिलाचा फोटो पुरे.
5. लहान मुलांना शिकवताना खोलीत किमान दोन मोठी माणसं असावीत, दार उघडं असावं. आई-वडिलांची संमती घ्यावी.
6. कमिटीत बायका असाव्यात, नुसत्या नावाला नाहीत. कोणत्या घरी चूल पेटली नाही, हे पुरुषांच्या आधी त्यांना कळतं.
7. एक काम निवडावं आणि वर्षभर तेच करावं. दहा कामांची यादी करून दोन महिन्यांत थकू नये.

आपल्यांसाठी की सगळ्यांसाठी?

हा प्रश्न बैठकीत हमखास निघतो. जकातीचे नियम शरियतने ठरवलेले आहेत, त्यावर आलिम बोलतील. पण सदका, वेळ, रक्त, श्रम आणि इल्म सगळ्यांसाठी खुले आहेत. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपल्या दीनमध्ये किती ताकीद आहे, ते प्रत्येक घराला माहीत आहे. गिरडच्या दर्ग्यावर सगळ्या जातिधर्मांचे लोक येतात. तिथे पाणी पाजणारा कुणाचं नाव विचारत बसत नाही. तीच रीत मोहल्ल्यातल्या कामालाही लावावी. आपण दुसऱ्यांच्या संस्थांत जाऊन काम करावं आणि दुसऱ्यांनाही आपल्यात बोलवावं. गैरसमज जेवढे भाषणांनी कमी होत नाहीत, तेवढे सोबत कुदळ मारल्याने होतात.

आई-वडिलांसाठी दोन शब्द

मुलगा किंवा मुलगी आठवड्याचे दोन तास कुठं देणार, ते घरात बसून ठरवा. दिवस आणि वेळ नक्की करा, कॅलेंडरवर लिहा. संस्थेत एकदा स्वतः जाऊन या. सुरुवातीचे तीन महिने तरी मोडू देऊ नका; कंटाळा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतोच, वर्गातही तसंच असतं. प्रमाणपत्रासाठी धडपडू नका, मिळालं तर ठीक.

आमच्या मोहल्ल्यात मागच्या वर्षी आम्ही पुन्हा सुरुवात केली. या वेळी फक्त एक टेबल, दर रविवारी असरनंतर मगरीबपर्यंत, शिष्यवृत्ती आणि दाखल्यांच्या फॉर्मसाठी. पैसा गोळा करत नाही. एक जाड वही आहे. त्यात तारीख, कोण आलं, काय काम, झालं की नाही, एवढंच लिहितो. फोटोवाल्या त्या मुलाने यंदा बारावी केली. गेल्या काही रविवारी वही तोच लिहितो. अक्षर सुधारायला हवं, पण एकही रविवार त्याने चुकवलेला नाही.